रन-हेवी की स्पीड? आधी बॉक्समधली माणसं मोज

तू लिहिलंयस की मॅडिसनला तुमच्या अपार्टमेंटमध्ये दर शनिवारी हाच वाद होतो. रूममेट म्हणतो तुमच्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या टीमने जुना रन-हेवी ऑफेन्स, म्हणजे बॉल हातात घेऊन पळण्यावर भर देणारा खेळ, सोडला तिथेच त्यांची वाट लागली, आणि तू म्हणतोस की आजच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये स्पीडशिवाय, म्हणजे नो-हडल (दोन प्लेंच्या मध्ये घोळका करून न थांबणं), पसरलेले रिसीव्हर (पास झेलणारे), पटापट स्नॅप (बॉल मागे देऊन प्ले सुरू करणं), याशिवाय जिंकताच येत नाही, आणि काका तुम्ही कोचिंग केलंय तर तुम्हीच सांगा कोण बरोबर. काका म्हणालास म्हणून हक्काने सांगतो, तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चाललाय ती मला पटत नाही. रन आणि स्पीड एकमेकांच्या विरुद्ध आहेत हेच मुळात खरं नाही. मी सोळा सीझन ऑफेन्सिव्ह लाईन, म्हणजे पुढे उभं राहून ब्लॉक करणारी पाच माणसं, शिकवली, आधी ओहायोत एका हायस्कूलला आणि नंतर एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजात, त्यामुळे प्ले सुरू झाला की माझी नजर आधी गार्ड आणि टॅकल या लाईनमनच्या पायांवर जाते, बॉलवर नंतर. तिथून बघितलं की हा वाद वेगळाच दिसतो.

रन म्हणजे काय करायचं, आणि टेम्पो म्हणजे किती वेळात करायचं. दोन वेगळे प्रश्न आहेत.

उदाहरण घे. २०१३ ची ऑबर्नची टीम. त्यांचा कोच गस माल्झान म्हणजे हर्री-अप नो-हडलचा माणूस, आर्कान्सॉच्या हायस्कूलमधून तीच पद्धत घेऊन वर आलेला. त्या वर्षी ऑबर्नने मॅचमागे ३२८ यार्ड रन केलं, देशात पहिला नंबर. एसईसी या त्यांच्या लीगच्या चॅम्पियनशिपमध्ये मिझुरीला ५९-४२ हरवलं त्यात ५४५ यार्ड नुसते जमिनीवरून, एकट्या ट्रे मेसनचे ३०४. आता ही टीम तुझ्या बाजूची की रूममेटच्या? किंवा कोच चिप केलीचं ओरेगन, २०१० चं. सगळ्यांना आठवतो तो त्यांचा वेग आणि ते युनिफॉर्म, पण त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त रन केलेला लामायकल जेम्स त्याच टीमचा, १,७३१ यार्ड. म्हणजे ओरेगन ही वेगात खेळणारी रनिंग टीम होती. पासवाली म्हणून लोक उगाच लक्षात ठेवतात.

मग खरा प्रश्न काय, तर गणिताचा. हे नीट समजून घे कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. दोन्हीकडे ११ माणसं. क्वार्टरबॅकने, म्हणजे स्नॅप घेऊन पास टाकणाऱ्याने, बॉल रनिंग बॅकच्या हातात दिला की क्वार्टरबॅक ब्लॉक करत नाही आणि बॉल घेऊन पळणारा स्वतःसाठी ब्लॉक करू शकत नाही, म्हणजे ऑफेन्सकडे उरले ९, डिफेन्सकडे ११. दोन माणसं कायम जास्तीची. एक सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचा सगळ्यात मागचा माणूस, लांब मागे उभा असतो म्हणून त्याला सोडून दे, तरी एक उरतोच, आणि तो एकच माणूस तुमचा रन मारतो. सगळ्या ऑफेन्सेसचा इतिहास म्हणजे त्या एका माणसाचं काय करायचं याची वेगवेगळी उत्तरं आहेत. कोच टॉम ऑस्बोर्नच्या नेब्रास्काचं उत्तर होतं ऑप्शन, त्या माणसाला ब्लॉकच करायचं नाही, क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघायचं, तो आत आला तर बॉल बाहेर, तो बाहेर थांबला तर बॉल आत. झोन रीडचं उत्तरही तेच, फक्त शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा राहून. पास टाकणाऱ्यांचं उत्तर असं की चार-पाच रिसीव्हर पसरवा, म्हणजे तो माणूस बॉक्समधून उठून रिसीव्हरवर जाईल, आणि गेला नाही तर त्याच्या डोक्यावरून बॉल फेका. आणि टेम्पोचं उत्तर असं की तो माणूस योग्य जागी जाऊन उभा राहायच्या आधीच स्नॅप घ्या.

बॉक्स म्हणजे लाईनसमोरची ती जागा, टॅकलपासून टॅकलपर्यंत आणि पाचेक यार्ड मागे. त्यात सहा माणसं असतील तर रन, आठ असतील तर कुठेतरी एक रिसीव्हर एकटा सापडलेला आहे, त्याला बॉल द्या. इतकं साधं नसतं हे मान्य, पण सुरुवात तिथूनच होते.

आता रूममेटची बाजू. नेब्रास्काची १९९५ ची टीम मी व्हीएचएसवर इतक्या वेळा बघितलीय की टेप घासली गेली. २ जानेवारी १९९६, फिएस्टा बोल, समोर स्टीव्ह स्परियरची फ्लोरिडा, तेव्हाचा सगळ्यात झकास पासिंग ऑफेन्स. नेब्रास्का ६२, फ्लोरिडा २४. नेब्रास्काने ५२४ यार्ड रन केलं, टॉमी फ्रेझरचे त्यातले १९९, आणि तो ७५ यार्डांचा टचडाउन ज्यात अर्धी फ्लोरिडा त्याच्या अंगावरून घसरून पडली. लोक म्हणतात नेब्रास्काने ताकदीवर जिंकलं. ताकद होतीच, पण मला दिसतं ते हे की फ्रेझरमुळे फ्लोरिडाला प्रत्येक स्नॅपला एक माणूस कमी पडत होता. बॅक घेऊन पळाला तरी आणि फ्रेझरने स्वतःकडे ठेवला तरी. तीच फ्रेझरशिवायची लाईन, तेच ब्लॉक, आणि क्वार्टरबॅक नुसता उभा राहणारा असता तर ५२४ झाले नसते.

याच्या उलटं बघायचं तर २०१५ ची एलएसयू. लेनर्ड फोरनेटसारखा बॅक मी आयुष्यात फार कमी बघितले, त्या सीझनला १,९५३ यार्ड केले त्याने. नोव्हेंबरमध्ये अलाबामाशी मॅच, १९ वेळा बॉल दिला, एकूण यार्ड ३१. अलाबामाने बॉक्समध्ये माणसं भरली कारण एलएसयूच्या पासची त्यांना भीतीच नव्हती. त्याच मॅचमध्ये अलाबामाच्या डेरिक हेन्रीने ३८ कॅरीत, म्हणजे ३८ वेळा बॉल घेऊन पळून, २१० केले. दोघंही पॉवर बॅक, दोन्ही टीम रन-हेवी. फोरनेटमध्ये काही कमी नव्हतं, त्याच्यासमोर माणसं जास्त होती.

आणि आता तुमच्या विस्कॉन्सिनचंच सांगतो, हे रूममेटला दाखव. १५ नोव्हेंबर २०१४, कॅम्प रँडल स्टेडियम, हलका बर्फ पडतोय, मेल्विन गॉर्डनने नेब्रास्काविरुद्ध २५ कॅरीत ४०८ यार्ड केले, आणि तेही तीनच क्वार्टरमध्ये, चौथ्यात त्याला बाहेर बसवला. हा तुम्हा लोकांचा सुवर्णदिन. बरोबर तीन आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बिग टेन या तुमच्या लीगची चॅम्पियनशिप, समोर ओहायो स्टेट, त्यांचा तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स पहिल्यांदाच स्टार्ट करतोय. ओहायो स्टेट ५९, विस्कॉन्सिन ०. गॉर्डनच्या २६ कॅरी, ७६ यार्ड. तोच बॅक, तीच लाईन, तोच ऑफेन्स. ओहायो स्टेटने ठरवलं की पासने आम्हाला हरवून दाखवा, आणि विस्कॉन्सिनला ते जमलं नाही. दुसऱ्या बाजूला जोन्सने लांब बॉल फेकायला सुरुवात केली तशी विस्कॉन्सिनची सेफ्टी मागे सरकली आणि ओहायो स्टेटच्या इझिकीएल एलियटने २२० यार्ड ओढले. मग त्याने प्लेऑफमध्ये अलाबामाविरुद्ध २३० आणि फायनलला ओरेगनविरुद्ध २४६ केले, ओरेगन ४२-२० ने हरली. पसरलेल्या फॉर्मेशनमधून केलेला रन-हेवी फुटबॉल होता तो, आणि त्यासमोर जुना रनवालाही हरला आणि वेगवालाही हरला. मी ती ५९-० वाली मॅच आमच्या लाईनच्या पोरांना तीन वर्षं दाखवत होतो.

टेम्पोबद्दल आता तुझ्या बाजूने बोलतो कारण त्यात दम आहेच. कॉलेजचा नियम असा की ऑफेन्सने माणूस बदलला तर डिफेन्सला बदलायला वेळ द्यावाच लागतो, पण ऑफेन्सने कोणीच बदलला नाही आणि पटकन लाईनवर येऊन उभा राहिला तर डिफेन्सला जे मैदानावर आहेत त्यांच्यावरच भागवावं लागतं. म्हणून या पद्धतीत सगळ्यात किमती माणूस कोण, तर असा टाइट एंड जो एका प्लेला गार्डशेजारी उभा राहून डिफेन्सिव्ह एंडला ढकलू शकतो आणि पुढच्या प्लेला बाहेर जाऊन रिसीव्हरसारखा पळू शकतो. तसा एक असला की तेच ११ घेऊन तू जड पण होतोस आणि पसरतोस पण, आणि समोरचा दीडशे किलोचा नोज टॅकल बाहेर जायला तडफडत असतो पण जाऊ शकत नाही. आठ-दहा प्ले असे सलग गेले की त्याचा पहिला पाय उशिरा पडायला लागतो. माझा गार्ड हडलमध्ये नाही तर लाईनवरच मला हात करून सांगायचा की हा संपला, आणि मग आम्ही त्याच्यावरच पळायचो. दुसरं म्हणजे घाईत डिफेन्सला अवघड अवघड ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीची माणसं धाडणं) बोलावता येत नाहीत, दोन-तीन साध्या कॉलवर यावं लागतं, आणि साधा डिफेन्स समोर असला की माझ्या विशीतल्या पोरांना कुणाला ब्लॉक करायचं ते कळतं. हा फायदा टीव्हीवर दिसत नाही, पण लाईन कोचला विचारशील तर तो हाच पहिला सांगेल.

मोठमोठ्या लोकांना हे इतकं टोचलं होतं की २०१४ च्या फेब्रुवारीत नियम समितीने प्रस्ताव आणला, प्ले क्लॉकचे, म्हणजे पुढचा स्नॅप घ्यायच्या मुदतीच्या घड्याळाचे, पहिले १० सेकंद स्नॅपच घ्यायचा नाही. अलाबामाचा कोच निक सेबन आणि आर्कान्सॉचा ब्रेट बिलेमा त्या बाजूने होते. महिनाभरात तो मागे पडला. आणि सेबनने त्याच वर्षी लेन किफिनला ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर म्हणून आणून स्वतःचाच ऑफेन्स बदलला. मला सेबनबद्दल आदर वाटतो तो यासाठी, नियम बदलला नाही तर स्वतः बदलला.

पण टेम्पोचं बिल कोण भरतं, तर तुमचाच डिफेन्स. हे मी अंगावर घेतलंय. ज्या कॉलेजात मी होतो तिथे एका वर्षी ठरलं की आपण फुल स्पीड जायचं, हडल बंद. चालायचं तेव्हा छान चालायचं. पण एक छोटा रन, दोन पास खाली पडलेले, आणि पंट (लाथ मारून बॉल समोरच्याला देणं), घड्याळात मिनिटभरसुद्धा गेलेलं नसायचं आणि आमचा डिफेन्स पाण्याच्या बाटल्या खाली ठेवायच्या आत परत आत. डिव्हिजन थ्रीला बेंच लांब नसते, स्कॉलरशिप नाहीत, डिफेन्सिव्ह लाईनला खरं म्हणजे पाचच पोरं उपयोगाची. ऑक्टोबरच्या शेवटी तिसऱ्या क्वार्टरनंतर त्यांच्या पायात काही उरायचंच नाही. त्या सीझनला चार मॅचेस आम्ही शेवटच्या क्वार्टरमध्ये घालवल्या, आणि मी बोललो नाही याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मला दिसत होतं. पुढच्या वर्षी आम्ही दोन गिअर ठेवले, फर्स्ट डाउन (१० यार्ड पुढे गेल्यावर मिळणारे नवे चार प्रयत्न) मिळाला की वेगात, पहिला प्ले फसला की क्वार्टरबॅकने साइडलाईनकडे बघायचं आणि प्ले क्लॉक दहाच्या खाली जाऊ द्यायचा. तेवढ्याने फरक पडला.

उलट बाजूने हेच हत्यार कसं वापरतात ते बघायचं असेल तर स्टॅनफर्ड आणि ओरेगन. २०१२ मध्ये ओरेगन मॅचमागे पन्नासच्या आसपास पॉइंट करत होती, स्टॅनफर्डने त्यांना १४ वर अडवलं आणि ओव्हरटाइममध्ये १७-१४ जिंकले. २०१३ ला परत, २६-२०. त्या मॅचमध्ये स्टॅनफर्डने बॉल ४२ मिनिटांपेक्षा जास्त स्वतःकडे ठेवला, सहा-सात-आठ लाईनमन एकाच वेळी उतरवायचे आणि टायलर गॅफनीला द्यायचे, ४५ कॅरी, १५७ यार्ड, म्हणजे एका कॅरीला साडेतीन. दिसायला काहीच नाही. पण ओरेगनचा ऑफेन्स कट्ट्यावर बसून थंड झाला. मात्र हेही सांगायला हवं की चौथ्या क्वार्टरमध्ये २६-० होतं आणि तिथून ओरेगनने २० पॉइंट काढले. मागे पडल्यावर परत यायची ताकद वेगात असते, नुसत्या रनवाल्याकडे ती नसते, तो दोन टचडाउननी मागे पडला की त्याचा घसा कोरडा पडतो. आर्मीने २०१८ ला ओक्लाहोमाशी हेच केलं, ट्रिपल ऑप्शन, ४४ मिनिटं ४१ सेकंद बॉल स्वतःकडे, समोर कायलर मरे, आणि ओव्हरटाइमपर्यंत ओढत नेलं, २८-२१ हरले तो भाग वेगळा. ज्यांच्याकडे पोरं लहान चणीची आहेत त्यांच्यासाठी मॅच छोटी करणं, दोन्ही टीमला कमी वेळा बॉल मिळणं, हाच शहाणपणा आहे.

नियमांनीही पारडं इकडेतिकडे होतं. कॉलेजची हॅश मार्क्स, म्हणजे ज्या दोन खुणांच्या मध्ये प्रत्येक प्ले सुरू होतो त्या, एकमेकांपासून ४० फूट अंतरावर असतात, मैदान १६० फूट रुंद, म्हणजे बॉल एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसरीकडे १०० फूट मोकळी जागा. प्रोमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, हॅश साडेअठरा फुटांवर असतात त्यामुळे एवढं अंगण मिळत नाही. वेगवान पोरांना बाहेर पळवणं कॉलेजात जास्त चालतं त्याचं अर्धं कारण हे. पासच्या वेळी लाईनमनला ३ यार्ड पुढे जायची सूट आहे, प्रोमध्ये एकच यार्ड, त्यामुळे रन की पास हे स्नॅपनंतर ठरवायचे प्ले, आरपीओ, कॉलेजात फोफावले. उलट २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या बाहेर कंबरेखाली ब्लॉक करायला बंदी आली, त्याने आर्मी-नेव्हीच्या ऑप्शनला जबर फटका बसला. आणि २०२३ पासून फर्स्ट डाउनला घड्याळ थांबत नाही, हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून, त्यामुळे मॅचमधले प्लेच कमी झाले, आणि प्ले कमी झाले की नुसत्या वेगाने थकवणं तेवढं कामाला येत नाही.

आता विस्कॉन्सिन. हेड कोच ल्यूक फिकेलने २०२३ ला ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर म्हणून फिल लाँगोला आणलं, एअर रेड या पासवर भर देणाऱ्या पद्धतीच्या घराण्यातला. पहिल्या वर्षी ७-६, दुसऱ्या वर्षी ५-७, आणि सलग २२ सीझन बोल (सीझननंतरची मानाची मॅच) खेळण्याची मालिका तुटली. मधेच, ओरेगनशी १६-१३ हरल्यावर, लाँगोला काढलं. तुझा रूममेट म्हणतो रन सोडला म्हणून झालं. पण हाच लाँगो नॉर्थ कॅरोलिनाला असताना २०२० मध्ये मायामीविरुद्ध मायकल कार्टरने ३०८ आणि जव्हॉन्टे विल्यम्सने २३६ यार्ड रन केलं होतं, दोघांचे मिळून ५४४, एकाच मॅचमध्ये. म्हणजे त्याला रन येत नव्हता असं नाही. मग? २०२४ ला पहिला क्वार्टरबॅक तिसऱ्याच मॅचला जखमी झाला हे आहेच, पण मला लाईनमधून जे दिसलं ते सांगतो, हे माझं मत आहे. विस्कॉन्सिनची पोरं वर्षानुवर्षं एका कामासाठी निवडलेली, सेंटरच्या मागे क्वार्टरबॅक, पुढे फुलबॅक, सात यार्ड मागून बॅक पूर्ण वेगात येतो, गार्डने ओढून आत शिरायचं, दोघांनी मिळून एकाला उचलून लाईनबॅकरपर्यंत न्यायचं. शॉटगनमध्ये बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी जवळजवळ उभाच असतो, तो लाईनपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून लाईनला ब्लॉक जास्त वेळ धरावा लागतो आणि पाय वेगळे टाकावे लागतात. बाहेरून बघणाऱ्याला तोच रन दिसतो. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा, त्यात मीटिंग, फिल्म, वजन सगळं धरून, मग डबल टीमची हजार वेळची घोटाई कमी होते आणि पास प्रोटेक्शनचीही पूर्ण होत नाही. दोन्ही अर्धवट.

हे विस्कॉन्सिनपुरतं नाही. रिच रॉड्रिगेझने २००८ ला मिशिगनमध्ये स्प्रेड, म्हणजे पसरलेल्या फॉर्मेशनचा ऑफेन्स, आणला, पहिल्या वर्षी ३-९. नेब्रास्काने २००४ ला ऑप्शन सोडून वेस्ट कोस्ट पास घेतला, ५-६, १९६१ नंतरचा पहिला हरलेला सीझन. जॉर्जिया टेकने २०१९ ला ट्रिपल ऑप्शन सोडला, ३-९. एक जण रनवाला स्प्रेड आणत होता, दुसरे रनपासून पळत होते, दिशा वेगवेगळ्या आणि खड्डा एकच, की पोरं एका कामासाठी आणलेली आणि काम दुसरं दिलेलं. म्हणून मला विचारशील तर विस्कॉन्सिनने नुसतं "परत रन करा" म्हणूनही लगेच काही होणार नव्हतं आणि झालंही नाही, २०२५ ला नवा कोऑर्डिनेटर आला, रनवर भर द्यायचं ठरलं, आणि आयोवाकडून ३७-० आणि ओहायो स्टेटकडून ३४-० असे सलग दोन शनिवार कोरडे गेले.

जुना रन मेलाय असंही नाही बरं का. मिशिगनने २०२३ ला पेन स्टेटमध्ये जाऊन शेवटचे ३२ प्ले सलग रन केले आणि २४-१५ जिंकले, आणि फायनलला वॉशिंग्टनच्या झकास पासिंग टीमविरुद्ध ३०३ यार्ड रन करून ३४-१३. पण त्यांच्याकडे जे. जे. मॅकार्थी होता, पळणारा आणि थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न आणि जायचे यार्ड जास्त) बॉल नेमका टाकणारा. कबड्डीतली डू-ऑर-डाय रेड जशी, तसा तो थर्ड डाउन असतो, तिथे ज्याच्याकडे माणूस आहे त्याचीच बाकीची पद्धत टिकते. आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन झालेल्या ओहायो स्टेटचे प्ले कोण बोलावत होतं? तोच चिप केली, ओरेगनच्या वेगाचा जनक, आणि तो त्या वर्षी सावकाश खेळला, कारण त्याच्याकडे देशातला सगळ्यात भारी डिफेन्स होता आणि त्याला दमवायचं काही कारण नव्हतं.

येत्या शनिवारी एक कर. टीव्हीवर नको, स्टुडंट सेक्शनमध्ये जाशील तर एंड झोनच्या बाजूला वरच्या रांगेत बस, तिथून लाईन सरळ दिसते. स्नॅपच्या आधी बॉक्समधली माणसं मोज, सहा, सात की आठ, आणि मागे किती सेफ्टी आहेत ते बघ. मग प्ले काय आला ते वहीत किंवा फोनवर लिही. दुसरा हाफ सुरू झाला की बॉल सोडून दोन्हीकडच्या गार्डांच्या मागे नजर ठेव, कोण हात कंबरेवर ठेवतोय, कोणाचा पहिला पाय उशिरा पडतोय. रूममेटला शेजारी बसव आणि त्याच्याकडे दुसऱ्या टीमचा हिशोब दे. मॅच संपल्यावर दोन्ही कागदांचा फोटो पाठवा, मग आपण त्या मॅचवरच बोलू.